वामनरावांचा चार्ज

आमचे हे सहासष्टाव्या वर्षी बिल्डिंगच्या गच्चीवरच्या टाकीत काठी बुडवून पाणी किती आहे ते मोजायला शिडीवर चढले, आणि दुसऱ्याच पायरीवरून खाली आले. टाकीत पाणी किती होतं ते कळलंच नाही. खुब्याचं हाड मोडलंय हे मात्र लगेच कळलं.

नारायण पेठेतल्या आमच्या बिल्डिंगला वॉचमन आहे, पंप आहे, टाकी भरली की पंप आपोआप बंद होतो. पण वामनराव बत्तीस वर्षं खडकवासल्याला धरणावर कनिष्ठ अभियंता होते. निवृत्त होऊन आठ वर्षं झाली तरी पाणी दिसलं की मोजायचं. मी स्वयंपाकघरात पिंप भरलं तरी येऊन डोकावून जातात. जित्याची खोड, दुसरं काय.

ऑपरेशन झालं. मोठे डॉक्टर बाहेर येऊन म्हणाले, "उत्तम झालं." ऑपरेशन नेहमी उत्तमच होतं, पेशंटचं काय झालं ते मागाहून कळतं. मला ते दुसऱ्या दिवशी सकाळी कळलं. मी डबा घेऊन खोलीत गेले, पिशवी टेबलावर ठेवली आणि विचारलं, "झोप लागली का हो?"

ह्यांनी चष्म्यातून मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि म्हणाले, "बाई, तक्रार लेखी आणलीय का?"

मला वाटलं थट्टा करतायत. पण आमच्या घरात थट्टा मी करते, हे नाही.

"कसली तक्रार?"

"पाणी मिळत नाही हीच. कालव्याच्या शेवटच्या टोकाचे लोक दुसरं काय घेऊन येतात? उद्या या. साहेब दौऱ्यावर आहेत."

मी तिथल्या स्टुलावर बसले. लग्नाला छत्तीस वर्षं झाली होती, आणि आमचा आकडाही बहुतेक वेळा छत्तीसचाच. पण भांडायला का होईना, समोरच्याने ओळखावं तर लागतं ना.

नम्रता नावाची एक तरुण डॉक्टर होती तिथे, माझ्या भाचीएवढी. तिने मला बाजूला घेऊन समजावलं. मोठ्या ऑपरेशननंतर वयस्कर माणसांना कधी कधी असा भ्रम होतो. भूल, दुखणं, परकी जागा, अपुरी झोप, सगळं एकत्र येतं. "ह्याला डेलिरियम म्हणतात, काकू. बहुतेकांचं दोन-चार दिवसांत उतरतं."

"बहुतेकांचं म्हणजे?"

"म्हणजे बहुतेकांचं," ती म्हणाली. प्रामाणिक होती मुलगी. "त्यांच्याशी वाद घालू नका. चष्मा राहू द्या, समोर घड्याळ ठेवा, आणि ओळखीचं माणूस सतत जवळ बसू दे."

ओळखीचं माणूस म्हणजे मी. आणि मी तर पाण्याची तक्रार घेऊन आलेली बाई.

आमचा मुलगा तेजस हडपसरला आयटी कंपनीत आहे. हे २००६ साल, त्यामुळे घरात कुणाला शिंक आली तरी तो आधी लॅपटॉप उघडायचा. ऑपरेशननंतर काय काय होऊ शकतं त्याची डॉक्टरांनी दिलेली यादी त्याने मशीनवर चढवली होती: जखमेत पू होणं, पायात रक्ताची गाठ, छातीत कफ, पाठीला जखमा, लघवी अडकणं, भ्रम. प्रत्येकासमोर लाल, पिवळा नाहीतर हिरवा चौकोन. रोज सकाळी नऊ वाजता बापाच्या खाटेशी उभं राहून तो आढावा घ्यायचा.

"आई, गाठ ग्रीन, कफ ग्रीन, डेलिरियम रेड. लघवी यलो, कारण नळी अजून आहे. ओव्हरऑल चांगलं चाललंय."

"तुझ्या बापाने तुला आज काय म्हणून हाक मारली?"

"ट्रेनी म्हणाले," तो म्हणाला, आणि लॅपटॉप बंद केला.

खोली दोघांची होती. पलीकडच्या खाटेवर हडपसरचे हिंदुराव, पित्ताशयातले खडे काढून पडलेले. गळ्यात गोफ, उशाशी दोन मोबाइल. त्यांच्या पत्नी प्रेमलाबाई दिवसभर सफरचंद कापत बसायच्या. पूर्वी त्यांची तिथे सोळा एकर बागायत होती, आता सगळी आयटी पार्कात गेली. तेजसने आपली कंपनी कुठल्या इमारतीत, कितव्या मजल्यावर आहे ते सांगितल्यावर हिंदुराव म्हणाले, "सातवा मजला व्हय? त्याच्या बुडाला माझी हीर हुती. लई ग्वाड पानी. जपून बसत जावा."

तिसऱ्या दिवशी सकाळी आठला लघवीची नळी काढली. जास्त दिवस ठेवली तर जंतू चढतात म्हणे. नम्रता म्हणाली, "दुपारी चारपर्यंत त्यांना आपणहून व्हायला हवी. नाहीतर परत नळी घालावी लागेल, आणि नळी परत गेली की भ्रम वाढायची भीती असते." मग हळूच म्हणाली, "आज तिसरा दिवस आहे. जितका लांबेल तितकं अवघड, काकू."

बारा वाजले. ह्यांचं ओटीपोट फुगलेलं मला पांघरुणातूनही दिसत होतं. कपाळावर घाम. मी लघवीचं भांडं पुढे केलं.

"हे काय?" हे म्हणाले.

"भांडं आहे. घ्या."

"मी ड्यूटीवर आहे, बाई. धरण शंभर टक्के भरलंय. गेटजवळून हलता येत नाही."

"हलू नका की. बसल्या जागी करा."

"कंट्रोल रूममध्ये?" ह्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मलाच शरम वाटली. "माझा रिलीव्हर येऊ दे. त्याला चार्ज दिला की मी जाईन. ड्यूटीवरच्या माणसाने चार्ज दिल्याशिवाय जागा सोडायची नसते. तुमच्याकडे शेतावर चालत असेल."

काय करावं ह्या माणसाला. नोकरीत असतानाही हे असेच होते. एकदा तेजसला गोवर आलेला असताना रिलीव्हर आला नाही म्हणून दीड दिवस घरी आले नव्हते. तेव्हा मी इतकी भांडले होते की शेजारच्यांनी खिडक्या लावून घेतल्या. आणि आता तोच हेका, त्याच माणसाचा, कोळ्यासारखा स्वतःच्याच जाळ्यात अडकून बसलेला.

हिंदुरावांना हे बघवेना. पोटावरचे टाके धरून ते उठून बसले. "वहिनी, थांबा. म्या बोलतो सायबाशी." मग घसा खाकरून मोठ्याने म्हणाले, "रामराम सायेब. म्या तुमचा रिलीव्हर. हिंदुराव. द्या चार्ज आन् जावा घरी."

ह्यांनी मान वळवली. "गाव कुठलं?"

"हडपसर."

"शेती?"

"हुती की. कालव्याच्या फाट्याच्या शेवटाला, सोळा एकर."

"म्हणजे पाणी घेणारे तुम्ही. पाणी घेणाऱ्याच्या हातात गेट दिलं तर शेवटच्या टोकाला पाणी पोचेल का?"

"अवो, म्याच शेवटच्या टोकाला हाय. आन् तुमी असताना तरी कुटं पोचत हुतं?"

ह्यांनी मान परत फिरवली. हिंदुराव परत आडवे झाले आणि प्रेमलाबाईंना म्हणाले, "ह्यांच्या पायी ऊस जाळला म्या सत्त्याऐंशीला. आता म्हनं चार्ज देत न्हाई." बाई सफरचंदाची फोड त्यांच्या तोंडात कोंबून मोकळ्या झाल्या.

तेजसला एव्हाना सुचलं होतं. त्याने लॅपटॉपवर एक ऑर्डर टाइप केली, खाली रिसेप्शनवर जाऊन छापून आणली. वर पाटबंधारे खात्याचं नाव, मधे 'आपणांस आज दुपारी एक वाजल्यापासून कार्यमुक्त करण्यात येत आहे', खाली कार्यकारी अभियंत्याची तेजसनेच केलेली सही. मला वाटलं, शिकला तो पोरगा फुकट नाही.

ह्यांनी कागद हातात घेतला. दोनदा वाचला. उजेडाकडे धरला.

"जावक क्रमांक कुठाय?"

"बाबा, तो..."

"जावक क्रमांक नाही, दिनांकाखाली कारकुनाची सही नाही. असले कागद पानटपरीवर मिळतात." कागदाची चार घड्यांत घडी घालून ह्यांनी तो उशीखाली ठेवला. "हा पुरावा म्हणून माझ्याकडे राहील. ट्रेनी, तुमचं नाव लिहून ठेवा."

तेजसने लघवीचा चौकोन लाल केला.

प्रेमलाबाई मला म्हणाल्या, "ताई, तुमी नाव घ्या बगू. नवऱ्याला बायकोच्या तोंडनं नाव ऐकलं की याद येती." आता त्या माउलीला काय सांगणार. पण बुडत्याला काडीचा आधार. मी पदर सावरला आणि भर दुपारी दोन वाजता, नर्सच्या देखत, उखाणा घेतला: "कालव्याच्या पाण्यावर पिकली ज्वारी, वामनरावांचं नाव घेते दवाखान्याच्या दारी."

"छान," हे म्हणाले. "पण किती एकर ज्वारी, आणि पाणीपट्टी भरलीय का, हे काही कळलं नाही."

मी व्हरांड्यात जाऊन रडले. रागाने रडले, खरं सांगते. हा माणूस असाच राहिला तर? म्हणजे घरी येणार, माझ्या हातचं खाणार, माझ्या समोर बसणार, आणि मला 'बाई, उद्या या' म्हणणार, मरेपर्यंत? भांडण करायला तरी माझा नवरा मला परत द्या, एवढंच मागत होते मी, कुणाकडे कोण जाणे.

साडेतीनला नम्रता नळीचा ट्रे घेऊन आली. ओटीपोटावर हात ठेवला तेव्हा ह्यांनी दात आवळले. सहाशे मिलीच्या वर साठलंय, ती म्हणाली. मग ती खाली वाकली आणि शांतपणे विचारलं, "साहेब, हिंदुराव चालत नाहीत, तेजस चालत नाही. मग चार्ज तुम्ही देणार तरी कुणाला?"

हे विचार करायला लागले. मग म्हणाले, "आमच्या मंडळींना बोलवा."

तेजसने वळून माझ्याकडे पाहिलं.

"नियमात बसत नाही," हे म्हणाले. "पण त्या घेतील. छत्तीस वर्षं घराचा चार्ज त्यांच्याकडे आहे. एक दिवस रजा नाही. माझ्याआधी आईचं केलं, पोराचं केलं. मी पाणी मोजत बसलो. त्यांच्या हातात गेट असलं तर मी निवांत जाईन."

छत्तीस वर्षांत हा माणूस माझ्या मागून जाऊन गॅसचं बटण परत तपासून यायचा, कडीला हात लावून बघायचा. आणि मनात हे होतं. मला का नाही सांगितलंत, असं ओरडावंसं वाटलं. त्याऐवजी मी पुढे झाले. "अहो, मीच ती. मी सुनीती."

"तुम्ही तर तीन दिवस तक्रार घेऊन येताय."

"तीच मी."

"ओळखपत्र?"

तेजसला धावत घरी जावं लागलं नाही, नशीब, कारण पेन्शनचं पुस्तक माझ्या पर्समध्येच असतं. त्यावर आम्हा दोघांचा फोटो आहे, निवृत्तीच्या वेळी काढलेला. ह्यांनी फोटो पाहिला, मग मला पाहिलं. "ह्यांचे केस काळे आहेत."

"आठ वर्षांपूर्वीचा आहे तो."

"बाबा, ही आईच आहे," तेजस म्हणाला.

"तुमची आई असेल. माझा प्रश्न वेगळा आहे." मग ह्यांनी पेन मागितलं. "बसा बाई. तीन प्रश्न विचारतो. आमच्या मंडळींचं माहेर?"

"मिरज. किल्ल्याच्या मागे."

"लग्नात पंगतीला काय कमी पडलं होतं?"

"मठ्ठा. आणि तुमच्या आत्याबाईंनी तो विषय बारा वर्षं चालवला."

ह्यांच्या डोळ्यांत काहीतरी हललं. नम्रताने माझा हात घट्ट धरला. पावणेचार झाले होते.

"आमच्या मंडळींना सगळ्यांत जास्त काय आवडतं?"

"म्हणजे, कशात?"

"खायला. मी दर हंगामात मंडईतून आणतो. न चुकता."

मला उत्तर माहीत होतं. अंजीर. लग्नानंतर पहिल्याच हंगामात हे मंडईतून पुरंदरची डझनभर अंजिरं घेऊन आले, कागदी पुड्यात, धावतपळत, चेहऱ्यावर असा आनंद की बघत राहावं. मला अंजीर लहानपणापासून आवडत नाही. दातात बी अडकतं, आतला तो लिबलिबीतपणा बघवत नाही. पण त्या चेहऱ्याकडे बघून मी खाल्लं, आणि म्हटलं, छान आहेत. एकदा म्हटलं ते म्हटलं. छत्तीस हंगाम मी अंजिरं खाल्ली.

आणि त्या दिवशी, इतकं सगळं झाल्यावर, निदान आज तरी ह्या माणसाने मला ओळखावं म्हणून जीव टांगणीला लागलेला असताना, माझ्या तोंडून खरं निघून गेलं. "अंजीर आणता तुम्ही. पण मला अंजीर आवडत नाहीत."

ह्यांनी पेनाला टोपण लावलं.

"मग तुम्ही त्या नव्हेत. आमच्या मंडळींना अंजीर फार आवडतात." आणि भिंतीकडे तोंड फिरवलं.

तेजस म्हणाला, "आई, काय हे." प्रेमलाबाईंनी कपाळाला हात लावला. नम्रता ट्रेवरचं कापड बाजूला करायला लागली. पाच मिनिटं राहिली होती.

खरं सांगितलं तर मी मी नाही, आणि खोटं सांगितलं तर मी ती. असल्या परीक्षेला कुणी बसवू नये. पण करणार काय, अडला हरी.

"अहो, ऐकलंत का," मी म्हटलं. "चेष्टा केली हो. अंजीर म्हणजे माझा जीव की प्राण."

हे हळूच वळले. माझ्याकडे नीट पाहिलं, पहिल्या दिवसापासून पहिल्यांदाच. "तरीच," म्हणाले. "मघापासून आवाज ओळखीचा वाटत होता."

मग तेजसच्या त्या खोट्या ऑर्डरच्या पाठीमागे ह्यांनी स्वतःच्या हाताने चार्ज रिपोर्ट लिहिला. गेट सुस्थितीत. पाण्याची पातळी पूर्ण. किल्ल्यांचा जुडगा एक. खाली 'चार्ज दिला' म्हणून सही केली आणि कागद माझ्यापुढे केला. मी 'चार्ज घेतला' लिहून सही केली. हिंदुरावांनी साक्षीदार म्हणून सही करू का विचारलं. हे म्हणाले, "नको, तुमचे हितसंबंध आहेत."

"आता जातो," हे मला म्हणाले, आणि भांडं मागितलं.

पडदा ओढला. बाहेर आम्ही पाच जण देवळाबाहेर उभं राहावं तसे उभे होतो. आवाज आला तेव्हा हिंदुराव म्हणाले, "सुटलं बाबा. येवढं पानी ह्यांनी सत्त्याऐंशीला सोडलं असतं तर." नम्रताने मोजलं, साडेसातशे. तेजसने चौकोन हिरवा केला आणि मग उगीचच माझ्या खांद्यावर डोकं ठेवून उभा राहिला, तिशीतला घोडा.

हे लगेच झोपले. संध्याकाळी जेवायला उठवलं तरी जागे झाले नाहीत. नम्रता म्हणाली, झोपू दे, झोपच औषध आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी थर्मास घेऊन दारातच थबकले. आत पाऊल टाकायचा धीर होईना. आतून आवाज आला, "सुनीती, उभी काय राहिलीस? चहा गार होईल."

मी थर्मास तसाच धरून स्टुलावर बसले आणि रडले. हे गोंधळले. "रडायला काय झालं? हाड माझं मोडलंय."

"काही नाही. बोला. अजून बोला."

चहा घेताना ह्यांनी विचारलं, आपण मधे काही वेडंवाकडं बोललो का. तुकडे तुकडे आठवतायत म्हणाले, कुणीतरी शेतकरी होता, कुणीतरी बाई रोज यायच्या. मी चार्ज रिपोर्ट पुढे ठेवला. ह्यांनी स्वतःचं अक्षर वाचलं, खालची माझी सही वाचली. कानांच्या पाळ्या लाल झाल्या.

"तुला चार्ज दिला मी?"

"दिलात. आधी तीन प्रश्न विचारलेत. दोन बरोबर आले."

"आणि तिसरा?"

सोडून देता आलं असतं. पण मी सोडलं नाही. "तिसऱ्याला मी खोटं बोलले. मला अंजीर आवडत नाहीत. कधीच आवडली नाहीत."

ह्यांनी कागद परत उचलला.

"छत्तीस वर्षांत बोलली नाहीस."

"तुम्ही विचारलं नाहीत."

असल्या वाक्यानंतर आमच्याकडे भांडण सुरू होतं. मी तयारीतच होते. पण हे कागदाकडे बघत राहिले, मग माझ्याकडे वळून म्हणाले, "मग तुला काय आवडतं?"

मी तोंड उघडलं. ह्यांना बरका फणस आवडतो. तेजसला सीताफळ, तेही थंड केलेलं. सासूबाईंना रामफळ लागायचं. माझ्या धाकट्या भावाला पेरू, अर्धा कच्चा, मीठ लावून. प्रेमलाबाईंच्या हिंदुरावांना सफरचंद आवडत नाही हेसुद्धा मला तीन दिवसांत कळलं होतं. सगळ्यांचं पाठ होतं, आणि माझं काही केल्या आठवेना.

"सांग की," हे म्हणाले. "घाई नाही."

मी कप खाली ठेवला आणि विचार करायला लागले. तेजस नऊचा आढावा घेऊन गेला, हिंदुरावांचे टाके काढून झाले, नम्रता येऊन तपासून गेली, तरी मी तिथेच बसून विचार करत होते, आणि हे वाट बघत होते.